‘श्यामची आई’ आणि पंढरीचें महाद्वार

सोलापूर जिल्ह्यांत पंढरपूर आहे, आणि पंढरपुरांत विठ्ठलाच्या देवळाचें जें महाद्वार आहे, त्याच्या पहिल्या पायरीला नामदेवाची पायरी म्हणतात. त्या पायरीच्या समोर चोखोबाची समाधि आहे. चोखोबाचें गांव मंगळवेढें. तेंहि याच जिल्ह्यांतलें, पंढरीहून फार तर सात-आठ कोसांवर. गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखालीं गेले. तें साल परंपरेनें १३३८ मानलें जातें. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि शोधून आणल्या व महाद्वारापुढें समाधि बांधविली, अशी कथा आहे. कथेंत भावनेचा भाग कितीहि असो, समाधि कोठें आहे याविषयीं वाद नाहीं. ती दाराबाहेर आहे. संतपण सर्वांनीं मान्य केलें, अभंग सर्वांनीं गाइले, पण चोखोबाच्या जातीच्या माणसानें पुढलीं सहा शतकें त्या समाधीपर्यंत यावें आणि तेथूनच कळसाला हात जोडून परतावें, असाच प्रघात राहिला.

या महाद्वारासाठीं १९४७ च्या मे महिन्यांत एका माणसानें आपले प्राण पणाला लावले. त्यांचें नांव पांडुरंग सदाशिव साने. देवाचें आणि त्यांचें नांव एकच होतें, हा योगायोग खरा. परंतु त्याच गृहस्थांनीं चौदा वर्षांपूर्वीं तुरुंगांत बसून एक घरगुती पुस्तक लिहिलें होतें, आणि त्यांत एका अस्पृश्य म्हातारीची हकीकत होती. हा मात्र योगायोग नव्हे. ‘श्यामची आई’ ज्या घरांत नाहीं असें सुशिक्षित मराठी घर विरळाच. तें वाचून रडलेले लोक पुष्कळ आढळतील. तें वाचून अस्वस्थ झालेले फार थोडे. वास्तविक तें अस्वस्थ करणारें पुस्तक आहे. डोळ्यांतून पाणी आलें म्हणजे वाचनाचें काम झालें, अशी जी एक सोयीची समजूत आपल्याकडे रुजली आहे, तिच्यामुळें या पुस्तकावर थोडा अन्यायच झाला.

घरांतल्या साध्या गोष्टींतून नीति-अनीतीचा झगडा दाखविणारें पुस्तक म्हटलें कीं इंग्रजी शिकलेल्या माणसास सहसा आठवतें तें अमेरिकेंतील लुइझा मे ऑल्कॉट या बाईंचें ‘लिटल विमेन’. शांता शेळके यांनीं तें ‘चौघीजणी’ या नांवानें मराठींत आणलें, तेव्हांपासून तर तें मराठी मुलींच्याहि ओळखीचें झालें. मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८ सालीं व दुसरा १८६९ सालीं बॉस्टन येथें प्रसिद्ध झाला. चार बहिणी, युद्धावर गेलेला बाप, ओढगस्तीचा संसार आणि तो संभाळणारी आई, एवढाच त्याचा पसारा. नाताळच्या सकाळीं आई सांगते कीं जवळपासचें एक गरीब जर्मन कुटुंब उपाशी आहे, तर आपली न्याहारी त्यांस द्यावी. मुली भुकेल्या असूनहि ताटें उचलून घेऊन जातात. येथपर्यंतची गोष्ट कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत शोभेल. परंतु पुढें त्याच कुटुंबांतल्या तान्ह्या मुलाची शुश्रूषा करतां करतां बेथ या गरीब स्वभावाच्या मुलीला सांसर्गिक ज्वर जडतो, आणि त्या दुखण्यानें खचलेली ती मुलगी अखेर मरते. दयेची किंमत कधीं कधीं फार मोठी द्यावी लागते, हें ऑल्कॉटबाईंनीं मुलांच्या पुस्तकांत न लपवितां सांगितलें. त्यांची स्वतःची बहीण एलिझाबेथ १८५८ सालीं अशीच वारली होती.

त्यांतली जो ही दुसरी मुलगी तापट. धाकट्या बहिणीनें रागाच्या भरांत तिचें हस्तलिखित जाळून टाकलें. पुढें नदीवर बर्फ एके ठिकाणीं पातळ आहे हें कळूनहि जोनें मागून येणाऱ्या त्या बहिणीला सावध केलें नाहीं. बर्फ फुटलें आणि बहीण पाण्यांत पडली. ती वांचली. त्या रात्रीं जो आईपाशीं रडते, तेव्हां आई तिला धीर देतांना कबूल करते कीं आपणहि जन्मभर रागीटच आहों, केवळ तो राग आवरण्यास वर्षानुवर्षें शिकत आलों आहों. आईनें मुलीजवळ स्वतःचा दोष उघड करावा, ही गोष्ट त्या काळच्या बालवाङ्मयांत नवीन होती. या पुस्तकांतला उद्धार आकाशांतून उतरत नाहीं. तो घरांतच, माणसानें माणसाजवळ खरें बोलण्यांतून होतो.

ऑल्कॉट घराण्याची प्रत्यक्ष हकीकत या पुस्तकाहून अधिक विलक्षण आहे. लुइझाचे वडील ब्रॉन्सन ऑल्कॉट हे शिक्षक. बॉस्टनमधील आपल्या शाळेंत त्यांनीं १८३९ च्या सुमारास एका काळ्या मुलीला दाखल करून घेतलें. बाकीच्या पालकांनीं तिला काढा असा आग्रह धरला. ऑल्कॉट बधले नाहींत. पालकांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं आणि शाळा बुडाली. संसाराचे हाल झाले ते बायको-मुलींनीं सोसले. कॉन्कर्ड गांवीं राहत असतां या कुटुंबानें पळून आलेल्या एका गुलामाला घरांत आसराहि दिला होता. गुलामगिरीला पाठीशीं घालणाऱ्या सरकारास कर देणार नाहीं म्हणून ब्रॉन्सन यांस १८४३ सालीं अटक झाली. कोणी परस्पर कर भरल्यामुळें ते सुटले. त्यांचेच शेजारी व स्नेही थोरो यांनीं तीन वर्षांनीं तोच मार्ग धरून एक रात्र तुरुंगांत काढली, आणि त्यावर १८४९ सालीं तो निबंध प्रसिद्ध केला जो पुढें दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींच्या वाचनांत आला. त्या गांधीजींच्या चळवळींत तुरुंगांत गेलेल्या एका शिक्षकानें मराठींतलें सर्वांत प्रसिद्ध घरगुती पुस्तक लिहावें, ही इतिहासाची गुंफण मोठी मौजेची आहे. मात्र एवढें सांगितलें पाहिजे कीं, ज्या गोष्टीसाठीं ऑल्कॉट घराण्यानें आपली शाळा बुडविली, ती गोष्ट ‘लिटल विमेन’मध्यें जवळजवळ नाहींच. युद्ध आहे, बाप आघाडीवर आहे. पण ज्याच्याकरितां तें युद्ध चाललें होतें तो काळा माणूस त्या घराच्या उंबरठ्याशीं येत नाहीं. पुस्तक खपावें म्हणून असो कीं मुलांचें पुस्तक म्हणून असो, बाईंनीं तो विषय बाहेर ठेवला. सान्यांनीं तसें केलें नाहीं, आणि येथें मराठी पुस्तक अमेरिकन पुस्तकाच्या पुढें जातें.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांतील पालगड या गांवीं झाला. घराणें खोतांचें, परंतु तें वैभव वडिलांच्या वेळेपर्यंत ओसरलें होतें. भाऊबंदकी, कर्ज, फिर्यादी आणि शेवटीं जप्ती, हा कोंकणांतल्या कितीतरी घराण्यांचा क्रम याहि घराण्याच्या वाट्याला आला. आई यशोदाबाई १९१७ च्या नोव्हेंबरांत वारल्या. मुलगा त्या वेळीं शिक्षणासाठीं दूर होता. शेवटची भेट झाली नाहीं. हें शल्य त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं, आणि पुस्तकाचा जन्म त्या शल्यांतून झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पुढें एम्. ए. होऊन १९२४ सालीं ते खानदेशांत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक झाले. तेथें सहा वर्षें त्यांनीं शिकविलें व वसतिगृह संभाळलें. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचीं अंथरुणें आवरून ठेवणारा हा शिक्षक मुलांचा ‘गुरुजी’ झाला आणि तेंच नांव महाराष्ट्रानें कायम केलें. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर जीं प्रवचनें दिलीं तीं उतरून घेण्याचें काम सानेगुरुजींनींच केलें. तें लेखन नसतें तर ‘गीता प्रवचनें’ आज हातीं नसतीं.

यानंतर ते नाशिकच्या तुरुंगांत होते. ९ फेब्रुवारी १९३३ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पांच दिवसांत तेथें ‘श्यामची आई’ लिहिली गेली. दिवसां तुरुंगाचें काम, रात्रीं लेखन. हे दिवस नीट लक्षांत घेण्यासारखे आहेत. आदल्या सप्टेंबरांत येरवड्यास गांधीजींचें उपोषण होऊन पुणें करार झाला होता. देशभर अस्पृश्यतेच्या प्रश्नावर बोललें जात होतें. देवळें उघडावींत कीं नाहींत याचा वाद घरोघर पोंचला होता. गांधीजींच्या ‘हरिजन’ पत्राचा पहिला अंक पुण्याहून निघाला तो ११ फेब्रुवारी १९३३ रोजीं; म्हणजे नाशिकच्या कोठडींत श्यामच्या आईच्या आठवणी कागदावर उतरत होत्या त्या पांच दिवसांच्या बरोबर मध्यावर. पुस्तक आईच्या प्रेमाचें असलें तरी तें या वातावरणांत लिहिलें गेलें. तें १९३५ सालीं प्रसिद्ध झालें.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. एका आश्रमांत रात्रीं प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. एकेका प्रकरणास एकेक रात्र, अशा ४२ रात्री. यांतला प्रत्येक प्रसंग म्हणजे मुलाच्या मनांतला एखादा लहानसा झगडा आहे. आई आजारी, म्हणून वटसावित्रीच्या प्रदक्षिणा श्यामनें घालाव्यात; त्याला बायकांत जाण्याची लाज वाटते. आई सांगते कीं लाज वाईट कामाची वाटावी, चांगल्या कामाची कशाची? न्हाऊन झाल्यावर पायांना माती लागूं नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठीं आई धोंडीवर आपला पदर पसरते, आणि पायांना जसा जपतोस तसा मनालाहि जप, असें सांगून जाते. हा प्रसंग इतका वाचला गेला आहे कीं आतां त्याची धार बोथट झाली. त्याहून पोहण्याचा प्रसंग अधिक मोलाचा. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीकडे पाठविते, आणि मागाहून त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचे डोळे भरून येतात. मारणें चूक होतें कीं बरोबर, याचा निवाडा लेखक देत नाहीं. मुलाला भित्रा म्हणवून घ्यावें लागूं नये एवढीच तिची इच्छा. ती इच्छा आणि हातांतली शिमटी यांच्यामध्यें सापडलेली ही आई अमेरिकेंतल्या त्या रागीट आईची सख्खी बहीण शोभते.

मोठ्यांचा झगडा मुलांच्या झगड्याहून कडू आहे. वडील कर्जांत बुडालेले. सावकाराचा कारकून दारांत येऊन अद्वातद्वा बोलतो, तेव्हां एरवीं गाईसारखी गरीब असलेली बाई वाघिणीसारखी उठते. पुढें जप्तीची दवंडी गांवांतून फिरते, आणि ती ऐकून घरांतल्या माणसांना तोंड दाखविण्याची चोरी होते. घराण्याचा मान आणि वस्तुस्थिति यांतलें अंतर वडिलांना कबूल करवत नाहीं. तेथेंच संसार खचतो. खोतीचा इतिहास लिहिणारांनीं ही प्रकरणें पुरावा म्हणून वाचावींत, इतकीं तीं खरीं आहेत.

आतां मोळीवाल्या म्हातारीकडे वळावयाचें. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणांत ही हकीकत येते. एक महाराची म्हातारी डोईवरची लांकडांची मोळी खालीं पडून असहाय झाली आहे. मोळी पुन्हां डोक्यावर चढवून देणारें कोणी नाहीं. पाहणारे आहेत, पण शिवणार कोण? श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी उचलून दे. मग घरीं येऊन आंघोळ कर. मुलगा जातो, मोळीला हात लावतो, म्हातारी मार्गाला लागते, आणि श्याम स्नान करतो. गांवांत कुजबुज व्हावयाची ती होते.

या आंघोळीपाशीं बहुतेक वाचक थांबत नाहींत. आईची दया पाहून पुढें जातात. परंतु त्या काळच्या नीतीचा सारा पेंच या एका आंघोळींत आहे. आईनें रूढि मोडली कीं पाळली? शिवावयाचें नाहीं हा नियम तिनें मोडविला. शिवल्यावर न्हावें हा नियम पाळविला. दोन्ही तिनेंच. यांत ढोंग नाहीं. जिला शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं अशा, देवाधर्माला भिणाऱ्या कोंकणी ब्राह्मण बाईला आपल्या अंतःकरणानें जेवढी वाट दाखविली, तेवढी ती चालली. त्या काळीं भल्याभल्या विद्वानांच्या हातून तेवढेंहि होत नव्हतें. पण म्हातारीच्या बाजूनें पाहिलें तर? तिच्या डोक्यावर मोळी चढली, उपकार झाले. आणि मोळी चढविणारा मुलगा तिच्या स्पर्शानें विटाळला म्हणून धुवून काढला गेला. आईच्या दयेंत म्हातारीचें दुःख मावलें. तिचा मान मावला नाहीं. आईविषयींच्या भक्तीनें लिहिणाऱ्या मुलानें ही आंघोळ गाळून टाकली असती तर आई अधिक थोर दिसली असती, आणि १९३३ सालच्या वातावरणांत तर तें सहज खपून गेलें असतें. सान्यांनीं ती गाळली नाहीं. ऑल्कॉटबाई आणि सानेगुरुजी यांच्या प्रामाणिकपणांतला फरक येथें दिसतो.

त्याच कोंकणांतल्या, मंडणगडाकडच्या आंबडवें गांवच्या एका महार कुटुंबांतला मुलगा या सुमारास सार्‍या देशाला ठाऊक झाला होता. डॉ. आंबेडकरांचें मूळ गांव तें. त्यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें दापोलीस गेलीं, आणि त्याच दापोलीस पुढें पालगडचा हा मुलगा इंग्रजी शाळेंत गेला. दोघांच्या वाटा लहानपणीं कोठें भेटल्या नाहींत. वयांत आठ-नऊ वर्षांचें अंतर होतें, आणि त्याहून मोठें अंतर दुसरें होतें. आंबेडकरांनीं १९२७ सालीं महाडास चवदार तळ्याचें पाणी घेतलें. २ मार्च १९३० पासून नाशिकास काळारामाच्या देवळासाठीं सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षें चालला. देऊळ उघडलें नाहीं. म्हणजे ज्या नाशिकच्या तुरुंगांत सानेगुरुजी श्यामची आंघोळ लिहीत होते, त्याच नाशकांत बंद दारासमोर लोक उभे होते. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास आंबेडकरांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली, आणि आपल्या अनुयायांस देवळांच्या दारांत शक्ति खर्चूं नका असें सांगितलें. मोळी उचलून देणाऱ्याची वाट पाहण्यास आतां म्हातारीचीं मुलें तयार नव्हतीं.

सानेगुरुजींनीं पंढरपूरचा निश्चय केला तो यानंतर अकरा वर्षांनीं, १९४६ च्या अखेरीस. स्वातंत्र्य दारांत आलें होतें. देश मोकळा होणार आणि महाराष्ट्राच्या आराध्यदैवताचें दार मात्र कांहीं लोकांना बंद राहणार, हें त्यांस सहन होईना. मंदिर उघडलें नाहीं तर उपोषण करीन, असें त्यांनीं जाहीर केलें. मित्रांनीं अडविलें; प्रथम लोकांना विचारावें, त्यांचीं मनें तयार करावींत, असें ठरलें. मग त्यांनीं सेवादलाच्या तरुणांना बरोबर घेऊन महाराष्ट्राचा दौरा काढला. गांवोगांव गाणीं, पोवाडे, भाषणें. कोठें विहीर मोकळी झाली, कोठें मारुतीचें देऊळ उघडलें. कोठें दगडहि पडले असतील. हा दौरा उपोषणाहून महत्त्वाचा होता, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं. उपोषणानें एक दार उघडलें, दौऱ्यानें शेंकडों.

पंढरीचें दार उघडेना. तेथील पूजेअर्चेचे वंशपरंपरेचे हक्क बडव्यांकडे व उत्पातांकडे होते; त्यांच्या पाठीशीं सनातनी पंडित होते, आणि हें लपवून उपयोग नाहीं कीं, वारकऱ्यांपैकींहि कित्येकांना देवाच्या पायांशीं सर्वांना येऊं द्यावें ही कल्पना रुचत नव्हती. वाळवंटांत भेदाभेद विसरून एकमेकांच्या पायां पडणारी माणसें देवळाच्या दाराशीं तो पुन्हां आठवीत. १ मे १९४७ रोजीं सानेगुरुजींनीं पंढरपुरांत उपोषणास आरंभ केला. जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठांत. वारकरी संप्रदायांतल्याच एका मठानें हें धाडस केलें, याचें श्रेय त्या मठास दिलें पाहिजे.

येथें त्यांच्यापुढें जो पेंच उभा राहिला तो श्यामच्या लहानपणच्या सर्व पेंचांहून कठीण होता. ज्यांच्या शब्दाखातर नोकरी सोडली, तुरुंग भोगला, त्या गांधीजींचाच निरोप आला कीं हें उपोषण योग्य नाहीं, तें सोडावें. मंदिर-प्रवेशाचा कायदा मुंबई सरकार करणारच होतें; मग प्राणाची बाजी कशाला, असा पुष्कळांचा प्रश्न होता, आणि तो वावगा नव्हता. उपोषण म्हणजे विरोधकाच्या गळ्यास लावलेली सुरी नव्हे काय, हाहि आक्षेप होता. सानेगुरुजी वादांत पडणारे नव्हते. त्यांना बडव्यांचा पराभव करावयाचा नव्हता. बडव्यांनीं आपल्या हातानें दार उघडावें असें वाटत होतें. कायद्यानें दार उघडतें, मन उघडत नाहीं, हें त्यांचें म्हणणें. गुरूची आज्ञा कीं अंतःकरणाची, असा प्रश्न आला तेव्हां या अत्यंत भावुक, बोलतां बोलतां रडणाऱ्या माणसानें न डळमळतां अंतःकरणाची पाळली. ज्यांना सानेगुरुजी केवळ हळवे वाटतात त्यांनीं हे दहा दिवस अभ्यासावेत. श्यामच्या आईनें रूढीपुढें अर्धें पाऊल टाकलें होतें. मुलानें महात्म्याचा शब्द बाजूला ठेवून उरलेलें अर्धें टाकलें.

वाटाघाटी झाल्या. दादासाहेब मावळंकर यांच्यासारखे जबाबदार लोक मध्यस्थीस आले. बडवे मंडळींनीं मंदिर हरिजनांस खुलें करण्यास संमति दिली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यांत उपोषण सुटलें. त्याच वर्षीं मुंबईच्या विधिमंडळानें हरिजनांच्या मंदिर-प्रवेशाचा कायदा केला. पुढें राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यताच रद्द ठरविली. ती घटना २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आली.

हा उद्धार कोणाचा झाला, हा प्रश्न मात्र उरतो. दाराबाहेर उभे असलेल्यांचा, असें म्हणण्याची वहिवाट आहे. पण बाहेरच्या लोकांपैकीं एका मोठ्या समुदायानें आपली वाट केव्हांच बदलली होती. १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपूरला लाखों लोकांनीं आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्म स्वीकारला. त्यांच्या लेखीं पंढरीचें दार उघडलें काय आणि न उघडलें काय. तें दार उघडण्याची खरी गरज होती ती आंतल्या माणसांना. चोखोबाचे अभंग गाऊन चोखोबाच्या लेकरांना समाधीपाशीं थोपविणारांना त्या पापांतून सोडवावयाचें होतें. सानेगुरुजींना हें पुरतें कळलें होतें, म्हणून तर त्यांनीं उपोषण दुसऱ्याला शासन म्हणून नव्हे, प्रायश्चित्त म्हणून केलें. गांधीजींचा खून झाला तेव्हांहि, खुनी महाराष्ट्रांतला निघाला म्हणून, त्यांनीं १९४८ च्या फेब्रुवारींत २१ दिवसांचें उपोषण केलें. दुसऱ्याचें पाप अंगावर घेण्याची ही संवय शेवटीं त्या शरीराला आणि मनाला झेपली नाहीं. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं त्यांनीं ‘साधना’ साप्ताहिक काढलें. ११ जून १९५० रोजीं स्वतःच्या हातानें त्यांचें जीवन संपलें. वय पन्नास.

देवळाची पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९७३ सालीं पंढरपूर मंदिरांविषयींचा कायदा होऊन बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क नाहींसे करण्यांत आले. त्यावर वर्षानुवर्षें कज्जे चालले, आणि १५ जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांचा शेवटचा दावा फेटाळला. आतां देवळाचा कारभार समितीकडे आहे.

पुस्तकाचें नशीब याहून सरळ. आचार्य अत्रे यांनीं १९५३ सालीं त्यावर बोलपट काढला. वनमाला यांनीं आईचें काम केलें, लहान श्याम माधव वझे झाले, आणि राष्ट्रपतींचें सुवर्णपदक पहिल्यांदा मिळालें तें याच बोलपटाला. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या. सानेगुरुजींच्या हयातींत, पंढरपूरच्या उपोषणानंतरहि, ‘श्यामची आई’ वाचली जातच होती, आणि आजहि वाचली जाते. ‘देवाला सारी प्रिय’ हें प्रकरण त्यांत आहे. म्हातारीची मोळी आहे, आणि मोळी उचलून दिल्यानंतरची ती आंघोळहि आहे.